सासरचा आकडा

जेवणाची ताटं वाढलेली तशीच राहिली, कारण सासरचा आकडा उतरायला लागला होता.

या घरात अंडी उबवायच्या दोन खोल्या होत्या. दोन्ही पत्र्याच्या, जाड दारांच्या, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. लांबून बघितलं तर दोन मोठी कपाटंच. पहिल्या खोलीत अंडी अठरा दिवस राहायची. तिथले ट्रे तासातासाला पाळण्यासारखे कलायचे, या कुशीवरून त्या कुशीवर. शेवटच्या तीन दिवसांसाठी अंडी दुसऱ्या खोलीत जायची. तिथं हलवणं नाही, डुलवणं नाही. ज्याचं कवच त्यानंच फोडायचं. थोरली सून लग्न होऊन आली तेव्हा ही रीत बघून म्हणाली होती, म्हणजे हे माहेर नि ते सासर. सासूबाईंनी तिच्याकडे जरा रोखूनच पाहिलं होतं. पण नाव चिकटलं ते चिकटलं. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा तिच्या नवऱ्यानं स्क्रीनवरसुद्धा तेच लिहिलं: माहेर, सासर, आणि प्रत्येकापुढं उबेचा आकडा.

कॉम्प्युटर दोन खोल्यांच्या मधल्या चिंचोळ्या केबिनमध्ये होता. जुना, पोट सुटलेला. त्याच्या पोटात स्लॉटमध्ये दोन कार्डं बसवली होती, जुळ्या भावांसारखी एकसारखी. एका कार्डातून निघालेली केबल माहेरात जायची, दुसऱ्यातली सासरात. तिथं तारेच्या टोकाला ऊब कळायची, कार्डं ती ऐकायची आणि कॉम्प्युटरला सांगायची. हे त्याचे दोन कान. तोंड वेगळं होतं. मागच्या प्रिंटरच्या पोर्टातून एक केबल भिंतीवरच्या पेटीत गेली होती. कॉम्प्युटर त्या तोंडानं हुकूम सोडायचा, पेटी टक् करून वाजायची, आणि कुठं हीटर लागायचा, कुठं हवेची झडप उघडायची. घरातल्या पुरुषांपेक्षा हा बरा, सासूबाई म्हणायच्या, ऐकलेलं लगेच करतो.

आता त्याच्या स्क्रीनवर सासरपुढं छत्तीस होतं. सदतीस हवं होतं. बघता बघता छत्तीसच्याही खाली गेलं.

"वहिनी, हीटर चालू आहे ना?" धाकट्या दिरानं विचारलं. त्याच्या काखेत दोन गोधड्या होत्या.

हीटर चालूच होता. पेटीवरचा सासरचा लाल दिवा मघापासून विझलाच नव्हता. तरी आकडा उतरत होता. आणि माहेरचा आकडा चढत होता, म्हणून पेटीनं माहेरचा हीटर कधीच बंद करून झडपा सताड उघडल्या होत्या.

एरवी एखादी खेप बिघडली तर घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी नवी अंडी लागायची. या वेळी नवी अंडी येणार नव्हती. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात एक जात जोपासली होती, राखी रंगाची, पायांवर अगदी बोटांपर्यंत पिसं असलेली. मोजेवाल्या, असं सगळे म्हणत. कुठला कोंबडा ठेवायचा, कुठली कोंबडी कोणाजवळ सोडायची, हे त्यांनी दर पिढीला स्वतः निवडलं होतं, सोयरीक जुळवावी तसं. पंधरवड्यापूर्वी शेडला आग लागली. थोरला लेक तापलेलं लोखंडी दार ओढायला धावला. दार उघडलं, पण आतून काही बाहेर आलं नाही. त्याचे दोन्ही हात तेव्हापासून दवाखान्यात पट्ट्यांत होते. मोजेवाल्यांचं आता जे काही उरलं होतं ते या दोन खोल्यांत, कवचाआड होतं. पहिली खेप आज सासरात फुटत होती. आगीच्या आधी शेवटी गोळा केलेली थोडी अंडी माहेरात होती. बस, एवढंच.

सकाळी एका आकड्यानं लुकलुकायला सुरुवात केली तेव्हा सुनेनं त्यावर नवऱ्याचाच उपाय केला होता. कॉम्प्युटर बंद करायचा, दोन्ही कार्डं काढायची, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, परत बसवायची. दर वेळी तो करायचा आणि ती बाजूला उभी राहून स्क्रू तळहातावर सांभाळायची. या वेळी तिनंच केलं. नवऱ्यानं ओळख पटावी म्हणून माहेरच्या कार्डाला आणि त्याच्या केबलला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता, सासरच्याला निळा. बाटल्या तिच्याच होत्या. न विचारता उचलल्या म्हणून ती तेव्हा दिवसभर फुगून बसली होती. लालची केबल लालला, निळ्याची निळ्याला. कॉम्प्युटर सुरू झाला, दोन्ही आकडे लख्ख आले, लुकलुकणं थांबलं. तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

आता ती आकड्याकडे बघत होती आणि धाकटा सासरच्या दाराला गोधड्या बांधत होता. दाराच्या फटीवर त्यानं चिकटपट्टी मारली, खालच्या बाजूला पोतं दाबलं. काचेचा थर्मामीटर आत टांगलेला असायचा, तो मागच्या खेपेनंतर खोली धुताना फुटला होता आणि नवा आणायचं आगीच्या धांदलीत राहून गेलं होतं. दारावरची छोटी काच आतून घामेजली होती. म्हणजे आतलं सांगायला स्क्रीनशिवाय कोणी नव्हतं.

सासूबाई दाराला कान लावून उभ्या होत्या. गोधडी बाजूला सारून त्यांनी कान थेट पत्र्याला टेकवला होता. फुटणीच्या दिवशी त्या अशाच उभ्या राहायच्या, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायच्या. घरात कोणालाच ते गाणं नीट माहीत नव्हतं, कारण त्या दर वेळी नवीनच जुळवायच्या:

टरफलाचं घर बाई, नाही दार ना खिडकी
आत आलीया पाहुणी, तिची टकटक हलकी

आज मात्र त्यांनी गुणगुणणं मध्येच सोडलं.

"गारठली असती तर बोंबलली असती," त्या म्हणाल्या. "ही गप्प होत चाललीयत."

धाकटा म्हणाला की आकडा चौतीसवर आलाय, गप्प होतील नाहीतर काय. थंडीनं आवाज बसला असेल. त्या म्हणाल्या, थंडीनं पिल्लाचा आवाज बसत नाही, चढतो. आई विसरलेल्या पोरासारखी रडतात. गप्प होतात ती उकाड्यानं, तोंड वासून धापा टाकतात. धाकटा म्हणाला, आई, उकाडा कुठून येईल, तू आकडा बघ की. मग त्यानं घरातला छोटा हीटरही आणायचं काढलं, दाराशी लावायला.

सून दोघांच्या मध्ये. एका बाजूला आकडा, एका बाजूला कान.

दार उघडून बघणं हा सरळ उपाय होता, आणि तोच करायचा नव्हता. फुटणीच्या दिवशी सासरचं दार उघडायचं नाही, हे या घरात लहान पोरालाही माहीत असायचं. आतली हवा ओली असते. दार उघडलं की ओल एका झटक्यात बाहेर जाते, कवचाच्या आतला पापुद्रा सुकतो, आणि अर्धं बाहेर आलेलं पिल्लू त्यात गुंडाळून बसतं, ओल्या कापडात बांधल्यासारखं. मग त्याला ना बाहेर येता येत, ना मागं जाता येत. आकडा खरा असेल आणि तिनं दार उघडलं, तर आधीच गारठलेल्या पिल्लांना ती स्वतःच्या हातानं मारणार होती. आकडा खोटा असेल आणि तिनं दार उघडलं नाही, तर तो लाल दिवा त्यांना भाजत होता.

तिनं पत्र्यावर हात ठेवला. पत्रा जाड, मध्ये कापूस. काही कळत नव्हतं. आतून आधी शेकडो चोचींचा कलकलाट असायचा, पाटावर मोती सांडल्यासारखा. आता मधूनच एखादा मणी पडत होता.

"दार उघडते," ती म्हणाली.

"वहिनी, आकडा बघून तरी बोला."

"तूच बघ. तिथं बस आणि नजर हलवू नकोस. काय होईल ते मला ओरडून सांग."

तिनं चिकटपट्टी नखानं ओरबाडली. सासूबाईंनी गोधडी ओढली. कडी वर गेली, दार सुटलं, आणि आतली हवा तिच्या तोंडावर आली, तव्यावरची वाफ यावी तशी. तिनं वरच्या ट्रेमधलं एक न फुटलेलं अंडं उचललं आणि मिटलेल्या पापणीवर टेकवलं. या घरात अंड्याची ऊब अशीच बघत. हात दिवसभराच्या कामानं बोथट होतात, पापणी होत नाही. नीट उबलेलं अंडं पापणीला कळतच नाही, इतकं आपल्याच अंगाचं वाटतं.

हे अंडं पापणीला चटकलं.

"वहिनी," केबिनमधून धाकट्याचा आवाज आला. तो ओरडला नव्हता. "सासरचा आकडा जागचा हलला नाही. माहेरचा पडतोय. धाडकन पडतोय."

मग तोच धावत माहेराशी गेला, दार फटीएवढं उघडून आत हात घातला आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, इथं गार आहे. इथं सगळं गार आहे.

उघडलं होतं सासर, आणि कॉम्प्युटरला वाटलं माहेर. दोन कानांची अदलाबदल झाली होती, तोंड मात्र जागच्या जागी. सासर तापलं की तो समजायचा माहेर तापलं, आणि माहेर गार करायचा. माहेर गार पडलं की समजायचा सासर गारठलं, आणि सासर पेटवायचा. जितका काळजी करायचा तितका दोन्ही घरं बुडवत होता. आणि या तिघांनी त्याला गोधड्या आणून दिल्या होत्या.

धाकटा पेटीचं बटण दाबायला निघाला. सून म्हणाली थांब, पेटी बंद केलीस तर आतली हवा फिरवणारे पंखेही थांबतील, वरचे ट्रे जागच्या जागी शिजतील. तिनं नवऱ्याला फोन लावला. दवाखान्यात कोणीतरी फोन त्याच्या कानाशी धरला असावा. आधी उशीची खसखस ऐकू आली. तिनं दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं एकच विचारलं, लाल ठिपक्याचं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे. ती टेबलाखाली शिरली, कॉम्प्युटरच्या मागं मान वाकडी करून बघितलं. कडेच्या.

तिनं तेच फोनवर सांगितलं.

"लाल आतल्या स्लॉटमध्ये असतं," तो म्हणाला. "तो रंग बघत नाही गं. पहिल्या जागेवर जो बसेल तो माहेर, दुसऱ्या जागेवर बसेल तो सासर. रंग आपल्यासाठी होता."

तिला तेव्हा सकाळ दिसली. कार्डं घासून झाल्यावर तिनं ती टेबलावर ठेवली होती, आणि परत लावताना हातांनी आपोआप तेच केलं जे ट्रेंचं करायचे. धुऊन झालेले ट्रे परत लावताना पुढचा मागं, मागचा पुढं. या घरात कुठलाच ट्रे दर खेपेला हीटरशेजारी राहत नसे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी धग, थोडी सावली. बारा वर्षं हातांना तेच वळण होतं. डोकं रंग जुळवत होतं तेव्हा हातांनी जागा बदलली होती.

कॉम्प्युटर बंद करू नका, नवरा म्हणाला. जुना आहे, तापलाय, परत उठेल की नाही सांगता येत नाही. कार्डं आहेत तिथंच राहू द्या. मागच्या केबल्या फक्त काढा आणि उलट लावा, लाल निळ्याला, निळी लालला. पण केबल निघाली की त्याला शून्य दिसेल, आणि शून्य दिसलं की तो सगळे हीटर लावेल. म्हणून पटकन करा. सासरचं दार तोवर उघडं ठेवा.

"आणि ओल?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी बादली आणि पंचे आणले, कोमट पाण्यात भिजवले, आणि उघड्या दारात दोन्ही हातांनी ताणून धरले, पडद्यासारखे. हवा आत जाईल ती ओली होऊन जाईल. त्या आत बघत नव्हत्या.

टेबलाखाली सून पाठीवर झोपली. प्रत्येक केबलला दोन स्क्रू. पहिलीचे बोटांनीच सुटले. दुसरीचा एक सुटला, दुसरा फिरतच नव्हता, डोकं झिजलेलं. धाकट्यानं टेस्टर दिला. टेस्टर निसटला, तिच्या गालाला लागून खाली पडला. तिनं परत टोक बसवलं आणि सगळा जीव मनगटात आणला. स्क्रू करकरला. सुटला. तिनं दोन्ही केबल्या एकदम ओढल्या आणि भिंतीवर पेटी टक्-टक् वाजली. सगळे दिवे लाल.

लाल केबल निळ्या कार्डात बसली. निळी बसेना. तिनं दाबली, बसेना. बाहेर काढून उजेडात धरली तर तारेएवढ्या बारीक पिनांच्या रांगेत एक पिन वाकलेली, वर्गात एकच पोर मागं वळून बसावं तशी. सकाळी वाकली की आता, कोण जाणे. आणखी दाबली असती तर मोडलीच असती, आणि तशी केबल गावभर शोधूनही मिळाली नसती.

"हात स्थिर ठेवा," धाकटा म्हणाला. तोही खाली बसला होता. मघापासून आकड्यावर भरवसा ठेवून गोधड्या बांधणारा तोच पोरगा आता श्वास रोखून टेस्टरच्या टोकानं पिन उचलत होता, डोळ्यातलं कुसळ काढावं तशी. एकदा उचलली, कमी पडली. परत उचलली. फोनमधून नवऱ्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

केबल आत गेली. कुठंही न अडता, अगदी शेवटपर्यंत.

स्क्रीनवर दोन्ही आकडे नाहीसे झाले आणि नवे आले. दार उघडं असूनही सासरपुढं अडतीसच्या वर होतं. दाराआड ते कुठवर गेलं असेल, हा विचार तिघांनीही मनातच ठेवला. माहेरपुढं बत्तीस. मग पेटी वाजली. सासरचा लाल दिवा विझला, झडपा उघडल्याचा खडखडाट झाला, माहेरचा दिवा लागला. सासूबाईंनी पंचे आतल्या कडेला टांगले, ओथंबलेलेच, आणि दार हळूच लावून घेतलं.

यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि हेच सगळ्यात कठीण होतं. सासरचा आकडा सदतीसवर येऊन थांबला. शहाण्या मुलासारखा थांबला. पण मघाशीही तो तितक्याच शहाण्या चेहऱ्यानं खोटं बोलला होता, त्यामुळं त्याच्याकडे बघून कोणाचाही जीव भांड्यात पडेना. आतून आवाज नव्हता. निवांत झालेली पिल्लंही गप्प असतात. मेलेलीही. परत दार उघडून बघायचं नव्हतं. आता उघडलं तर जी वाचली असतील तीही सुकतील.

सून दाराशी जमिनीवर बसली. गालावर टेस्टरचा ओरखडा होता, तो झोंबत होता. सासूबाई माहेराशी गेल्या, एक अंडं काढून टॉर्चवर धरलं, आत बघितलं, परत ठेवलं. दुसरं धरलं. अंडं गारवा सोसतं, त्या म्हणाल्या, फक्त उशीर करतं. ही रुसलीयत, मेलेली नाहीत. एवढं सांगून त्या सुनेशेजारी येऊन टेकल्या. धाकट्यानं गोधड्या घडी करून ठेवल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत बाहेर निघून गेला.

"माझ्या हातून झालं, आई," सून म्हणाली.

"पुढचा मागं, मागचा पुढं," त्या म्हणाल्या. "हे तुझ्या हातांना मीच शिकवलं. हात ऐकतात, त्यात त्यांचा काय दोष."

दिवस कलला तेव्हा आतून एक चोच वाजली. मग खालच्या बाजूनं दुसरी. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग खालून, जणू जमिनीतूनच, चिवचिवाट उठला. आधी चुकत, अडखळत, आणि नंतर एकमेकींचं बोट धरल्यासारखा. सून उठली नाही. तिनं फक्त दाराला डोकं टेकवलं.

दार उघडायची वेळ झाली तेव्हा ते सासूबाईंनी उघडलं. धग वर चढते, त्यामुळं वरच्या ट्रेंवर सगळं शांत होतं. काही अंडी फुटलीच नव्हती, काही पिल्लं अर्ध्या वाटेवर थांबली होती. मधल्या ट्रेंमध्ये अधूनमधून हालचाल. खालचे ट्रे मात्र राखी कापसानं भरले होते, आणि त्या कापसाला डोळे होते, आणि सगळे एकदम उजेडाकडे वळले. त्यात किती नर, किती माद्या, हे कळायला महिने लागणार होते. पण जात पुढं चालवायला जेवढी लागतात तेवढी होती. सासूबाईंनी एका नजरेत बघितलं आणि मान हलवली.

त्यांनी वरचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला. सुनेनं तो घ्यायला हात पुढं केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "यांचं मी बघते. तू जिवंतांकडे बघ. तहानलीयत ती."

सुनेनं वाटीत पाणी घेतलं. नव्या पिल्लाला पाणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं. एकदा दाखवावं लागतं. तिनं खालच्या ट्रेमधलं पहिलं पिल्लू मुठीत घेतलं. त्याच्या पायांवरची पिसं अजून ओली होती, बोटांना चिकटलेली. तिनं त्याची चोच हलकेच पाण्यात बुडवली आणि सोडली. पिल्लानं मान वर केली, गिळलं, आणि मग आपण होऊन पुन्हा खाली वाकलं.

तिनं दुसरं उचललं.